फाइल तीच, मजकूर हललेला

ऑक्टोबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधील करोनाबाधितांचा आकडा एकदम उसळला. साथ काही एका रात्रीत वाढली नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांच्या नोंदी रोजच्या अहवालातून गळाल्या होत्या, त्या उशिरा जोडल्या गेल्या इतकेच. या लोकांना स्वतःचा चाचणी अहवाल मिळाला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना गाठून घरी थांबायला सांगणाऱ्या यंत्रणेकडे त्यांची नावे वेळेवर पोहोचलीच नाहीत. संसर्गाच्या साखळीत दोन-चार दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे २०२० मध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

चौकशीत निघालेले कारण हास्यास्पद वाटावे इतके साधे होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या, 'एक्सएलएस' प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. या प्रकारात एका तक्त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. दोनाचा सोळावा घात, म्हणजे सोळा बिटांत मावणारी तेवढीच संख्या. एका चाचणीच्या नोंदीला अनेक ओळी लागत असल्याने सुमारे १,४०० रुग्णांतच फाइल भरून जाई आणि उरलेल्या नोंदी बाहेर राहत. २००७ पासूनच्या नव्या 'एक्सएलएसएक्स' प्रकारात हीच मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. म्हणजे उपाय तेरा वर्षे उपलब्ध होता. वॉरिक विद्यापीठाशी संबंधित अर्थशास्त्रज्ञांनी नंतर या चुकीची किंमत मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या सुरुवातीच्या अंदाजानुसार त्यातून सव्वा लाखाच्या आसपास जादा संसर्ग आणि दीड हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले असावेत.

बातम्यांमध्ये हा 'एक्सेलचा घोळ' म्हणून गाजला. खरे तर दोष फाइलच्या रचनेत आणि ती रचना न पाहता वापरण्यात होता. कागदावर लिहिलेले कुणालाही वाचता येते. संगणकावर लिहिलेले मात्र एका ठरावीक पद्धतीने शून्य-एकात मांडून ठेवलेले असते आणि ती पद्धत ज्या प्रणालीला ठाऊक आहे, तिलाच ते वाचता येते. या पद्धतीला 'फाइल फॉरमॅट' म्हणतात. एका संस्थेतील फाइल दुसऱ्या संस्थेत जाते, आजची फाइल वीस वर्षांनी उघडावी लागते, तेव्हा सगळी भिस्त या फॉरमॅटवर असते.

ही अडचण रोजच्या वापरात आणखी ओळखीची आहे. दवाखान्यातील डिस्चार्ज कार्डाचा नमुना, शाळेचा निकालपत्रक तक्ता, सोसायटीचे इतिवृत्त मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तयार होते आणि दुसरीकडे लिब्रेऑफिससारख्या मोफत मिळणाऱ्या मुक्त प्रणालीत उघडले जाते. तक्ता पुढच्या पानावर घसरतो, शिक्क्यासाठी सोडलेली चौकट मजकुरावर चढते, एका पानाचे पत्र दीड पानाचे होते. मग 'फुकटचे ते असेच' असा शेरा ऐकू येतो. तो शेरा अर्धाच बरोबर आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. वर्डची जुनी 'डॉक' फाइल ही एक बंद पेटी होती. आतली मांडणी कशी आहे, याची पूर्ण माहिती बाहेरच्यांना अनेक वर्षे खुली नव्हती. मायक्रोसॉफ्टने हे तपशील फेब्रुवारी २००८ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध केले. तोवर इतर प्रोग्रॅमरांना फाइल तयार करायची, एक शब्द ठळक करायचा, पुन्हा जतन करायची आणि आतला कोणता बाइट बदलला ते शोधायचे, अशा अंधारातल्या चाचपणीने काम करावे लागे. जर्मनीतील 'स्टार डिव्हिजन' या कंपनीचे 'स्टारऑफिस' सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याचा स्रोत 'ओपनऑफिस' नावाने खुला केला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर स्वयंसेवकांनी वेगळी चूल मांडली, तीच आजची लिब्रेऑफिस. अशी तीन घरे बदलताना या प्रणालीने चाचपणीतून मिळवलेले हे ज्ञान जपले आणि वाढवले.

दरम्यान फॉरमॅटच खुला करण्याचा प्रयत्न झाला. २००५ मध्ये 'ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट' म्हणजे ओडीएफ तयार झाला आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. लिब्रेऑफिसची 'ओडीटी' फाइल ही त्यातलीच. मायक्रोसॉफ्टने आपला वेगळा प्रस्ताव आणला, 'ऑफिस ओपन एक्सएमएल'. 'डॉकएक्स' आणि 'एक्सएलएसएक्स' ही त्याची अपत्ये. सहा हजारांहून अधिक पानांच्या या मसुद्यावर सप्टेंबर २००७ मध्ये जगभरच्या मानक संस्थांनी मतदान केले. भारताचे मत विरोधात पडले आणि त्या फेरीत प्रस्ताव नापासही झाला. दुरुस्त्यांनंतर २००८ मध्ये तो मंजूर झाला. ब्राझील, भारत, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी त्याविरुद्ध केलेली अपिले फेटाळली गेली. तेव्हापासून एकाच कामासाठी दोन आंतरराष्ट्रीय मानके आहेत.

या दोन्ही फाइली प्रत्यक्षात 'झिप' केलेली गाठोडी आहेत. 'डॉकएक्स' फाइलच्या प्रतीचे नाव बदलून शेवटी 'झिप' लावले आणि उघडली, तर आत साध्या मजकुराच्या फाइली दिसतात आणि त्यात मूळ लेखनही वाचता येते. मग अडते कुठे?

अडते ते जुन्या सवयींपाशी. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या मसुद्यात 'वर्ड ९५ प्रमाणे अंतर ठेवावे' अशा अर्थाच्या खुणा होत्या. वर्ड ९५ नेमके कसे अंतर ठेवत असे, याचे वर्णन मात्र नव्हते. त्याहून गमतीचा प्रकार तारखांचा. १९०० हे लीप वर्ष नव्हते. पण १९८० च्या दशकात गाजलेल्या 'लोटस १-२-३' या स्प्रेडशीटने ते लीप धरले. एक्सेलला लोटसच्या फाइली बिनचूक चालवायच्या होत्या, म्हणून तिनेही ही चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलमध्ये ६० या क्रमांकाची तारीख २९ फेब्रुवारी १९०० अशी दिसते; असा दिवस कधी उगवलाच नाही. लिब्रेऑफिसने यातून वाट काढली ती अशी: मोजणीची सुरुवात ३० डिसेंबर १८९९ पासून धरायची. मग १ मार्च १९०० पासून पुढच्या सगळ्या तारखांचे क्रमांक एक्सेलशी जुळतात आणि खोटा दिवसही मानावा लागत नाही. फक्त त्या आधीच्या दोन महिन्यांत एका दिवसाचा फरक राहतो. एका जुन्या चुकीला जगभरातील हिशेब बांधले गेले, की ती दुरुस्त करणे हीच चूक ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

मांडणी बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण मात्र त्याहून साधे असते, ते म्हणजे फॉन्ट. फाइलमध्ये बहुतेक वेळा फॉन्टचे फक्त नाव असते, फॉन्ट नसतो. २००७ पासून वर्डची नवी फाइल 'कॅलिब्री'मध्ये सुरू होई. हा फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तिथे दुसरा येतो, त्याची अक्षरे केसभर रुंद असतात, ओळीतला शेवटचा शब्द खाली जातो, आणि चाळीस ओळींनंतर पान बदलते. यावरचा उपाय कारागिरीचा आहे. 'कार्लिटो' हा मुक्त फॉन्ट असा घडवला आहे, की त्याच्या प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीच्या त्याच अक्षराइतकी आहे. 'कॅम्ब्रिया'ची जागा 'कॅलडिया' घेतो आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन यांची 'लिबरेशन' मालिका. वळण वेगळे, पण ओळी तिथेच तुटतात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने कॅलिब्रीऐवजी 'ॲप्टोस' आणला आणि मुक्त प्रणालींपुढे तोच प्रश्न नव्याने उभा राहिला.

दुसरे कारण म्हणजे न समजलेला मजकूर. वर्डमधील एखादी सजावटीची आकृती लिब्रेऑफिसला पूर्ण उमगली नाही, तर पूर्वी ती फाइल पुन्हा जतन करताना तो भाग गळून जाई. पाठवणाऱ्याला फाइल परत मिळे, ती अर्धी पुसलेली. यासाठी आता एक युक्ती वापरतात. जे कळले नाही ते टाकून न देता एका पोतडीत जसेच्या तसे बांधून ठेवायचे आणि फाइल पुन्हा 'डॉकएक्स' म्हणून जतन करताना जागच्या जागी परत ठेवायचे. अनोळखी औषधाची चिठ्ठी न वाचता आली तरी फाडू नये, तसे हे. काही गोष्टी मात्र पोतडीने सुटत नाहीत. मजकुरात तरंगता ठेवलेला तक्ता एका पानावर मावला नाही, तर वर्ड तो दोन पानांत विभागते. लिब्रेऑफिसला बरीच वर्षे ते जमत नव्हते, तक्त्याचा खालचा भाग दिसेनासा होई. २०२३ मधील ७.६ या आवृत्तीत ते जमले. वापरणाऱ्याला हा बदल दिसतही नाही. तक्ता जिथे असायला हवा तिथे असतो, एवढेच.

अशा दुरुस्त्या होतात कशा, हेही पाहण्याजोगे आहे. कुणीतरी बिघडलेली फाइल जोडून तक्रार नोंदवते. प्रणालीच्या जुन्या हजारो आवृत्त्या जपून ठेवलेल्या असतात. मधली आवृत्ती उघडायची. दोष दिसला तर आधीचा अर्धा भाग तपासायचा, नाही तर नंतरचा. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधूनच पान उघडतो, तसेच. हजार आवृत्त्यांतून दोष आणणारा नेमका बदल दहा पायऱ्यांत हाती लागतो. दुरुस्तीबरोबर ती नमुना फाइल चाचण्यांच्या संग्रहात जाते, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या बदलाने तोच दोष परतला तर लगेच कळते. याखेरीज आजवर तक्रारींसोबत आलेल्या फाइलींचा प्रचंड साठा यंत्राकडून वेळोवेळी उघडून, जतन करून, पुन्हा उघडून पाहिला जातो. हे काम स्वयंसेवक करतात आणि अशा सेवा विकणाऱ्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रॅमरही. त्यांच्यामागे पैसा कुणाचा, हा प्रश्न पुढे येतोच.

वैज्ञानिकांना या सगळ्याची झळ वेगळ्या बाजूने बसली. मानवी जनुकांना छोटी सांकेतिक नावे असतात. 'सेप्टिन' गटातील पहिल्या जनुकाचे नाव रोमन लिपीत 'सेप्ट-१' असे लिहीत. एक्सेलने ते १ सप्टेंबर समजून तारखेत बदलले. ही अडचण २००४ मध्येच शोधनिबंधातून मांडली गेली होती. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रसिद्ध निबंधांसोबतचे तक्ते तपासले, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. मुक्त स्प्रेडशीटही या दोषातून सुटल्या नव्हत्या. एकदा तारीख झाली की आत उरतो फक्त एक आकडा, आणि मूळ नाव काय होते ते फाइल सांगू शकत नाही. अखेर २०२० मध्ये जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या समितीने हार मानली आणि अशा जनुकांचीच नावे बदलली. एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय आली ती २०२३ मध्ये. लिब्रेऑफिस साधी मजकूर फाइल उघडताना प्रत्येक रकाना 'मजकूर' म्हणून घ्यायचा की कसा, हे आधी विचारते. घाईत ती चौकट न वाचता 'ओके' दाबणाऱ्याला मात्र ती वाचवू शकत नाही. रुग्ण क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये उडतात ती याच क्षणी.

मराठीत हा गुंता आणखी एका थराने वाढतो. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव किंवा सी-डॅकच्या फॉन्टमध्ये टंकित होई. त्यात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. अशी फाइल उत्तम उघडली, पण तो फॉन्ट नसला, तर समोर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. छापखान्यांत वर्षानुवर्षे चाललेल्या पेजमेकर आणि कोरल ड्रॉच्या फाइली उघडण्याची सोय लिब्रेऑफिसमध्ये आहे. जुने फॉरमॅट वाचवण्यासाठी २०१४ मध्ये त्या समुदायाने वेगळा प्रकल्पच सुरू केला. पेटी उघडते, आतली लिपी मात्र परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावीच लागते.

युनिकोडमध्ये लिहिले तरी काही खाचा उरतात. वर्डची फाइल एकाच मजकुरासाठी फॉन्ट आणि आकाराच्या दोन नोंदी ठेवते: एक रोमनसारख्या लिप्यांसाठी, दुसरी देवनागरी, अरबी अशा 'जटिल' म्हटल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी. एखाद्या प्रणालीने चौदाचा आकार पहिल्या नोंदीतच लिहिला, तर इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी शब्द लहान दिसतात. कॅलिब्रीला कार्लिटो आहे, तशी विंडोजमधील 'मंगल' किंवा 'निर्मला'च्या मापाची जोडी लिब्रेऑफिससोबत मिळत नाही. म्हणून मराठी पत्र दोन्हीकडे सारखे दिसायला हवे असेल, तर मुक्त परवान्याचा 'मुक्ता' किंवा 'नोटो'सारखा फॉन्ट दोन्ही संगणकांवर असणे, नाही तर फाइलमध्येच फॉन्ट जोडण्याची खूण करणे, हाच भरवशाचा मार्ग आहे. अक्षरांची जोडणी तरी आता सुधारली आहे. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर 'हार्फबझ' हे एकच मुक्त जोडणी-यंत्र वापरते, त्यामुळे जोडाक्षरे यंत्रागणिक वेगळी फुटत नाहीत.

एक खाच तर डोळ्यांना दिसतही नाही. 'कऱ्हाड' किंवा 'गोऱ्हे' यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एकाच रुग्णाची नोंद दोन कारकुनांनी दोन कळफलकांवरून केली, तर शोधताना त्यातली एक सापडणारच नाही. हा दोष वर्डचा नाही आणि लिब्रेऑफिसचाही नाही, पण तक्ते एकत्र करणाऱ्याला तो आधी ठाऊक असायला हवा.

आता पैशाचा प्रश्न. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये मुक्त प्रणालींकडे जाण्याचे ठरवले आणि दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले. २०१७ मध्ये तिथल्या नगर परिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. राजकारण त्यात होतेच, पण बाहेरून येणाऱ्या फाइली नीट न उघडण्याची तक्रारही होती. या उदाहरणावरून 'हे जमत नाही' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो घाईचा होता. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे जाहीर केले. परवान्यावर वाचणाऱ्या रकमेतला काही भाग दुरुस्त्यांवर खर्च करणारे कार्यालय आणि 'फुकट मिळाले' म्हणून नुसते बसवून घेणारे कार्यालय, यांच्या अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तरंगता तक्ता आपोआप दोन पानांत विभागला जात नाही. त्यामागे कुणाचे तरी पगारी महिने असतात.

ब्रिटनने २०१४ मध्ये वेगळा रस्ता धरला: सरकारी कामात एकत्र संपादनासाठी ओडीएफ, नुसत्या वाचनासाठी पीडीएफ किंवा एचटीएमएल. भारत सरकारनेही नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. तरीही नागरिकाला भरायला मिळणारा अर्ज बहुधा 'डॉक' किंवा 'डॉकएक्स' असतो, आणि तो वर्डमध्येच नीट दिसतो.

घरी किंवा दवाखान्यात लगेच करण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. समोरच्याने फक्त वाचायचे असेल, तर पीडीएफ पाठवावी. स्वतःची मूळ प्रत ओडीटीत ठेवावी आणि वर्डवाल्याला 'डॉकएक्स' प्रत वेगळी काढून द्यावी. एकच फाइल दोन प्रणालींत आलटून पालटून जतन केली की बिघाड साचत जातो. शब्द सरकवण्यासाठी स्पेसबार दाबत बसण्यापेक्षा टॅब आणि स्टाइल वापरल्या, तर अर्ध्याहून अधिक घसरगुंडी टळते. जुन्या 'एक्सएलएस' नोंदवह्या अजून चालू असतील, तर त्या नव्या प्रकारात जतन करून शेवटची ओळ जुळते का ते मोजून पाहावे.

आणि एखादी फाइल लिब्रेऑफिसमध्ये बिघडलीच, तर तक्रार नोंदवताना संपूर्ण फाइल पाठवू नये. बिघडणारे एखादे पान किंवा तक्ता तेवढा वेगळा काढावा, आवृत्तीचा क्रमांक लिहावा आणि वर्डमध्ये ती कशी दिसते त्याची पीडीएफ जोडावी. ही नमुना फाइल सर्वांना दिसते आणि चाचणी संग्रहात वर्षानुवर्षे राहू शकते. त्यामुळे डिस्चार्ज कार्ड पाठवायचे असेल, तर त्यातले रुग्णाचे नाव, पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक आधी बदलून टाकावेत. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये लिहिणाऱ्याचे नावही असते, तेही तपासावे.